सौनाची पेटी आणि थर्मोकपलवाली बाई

आमच्या मागच्या खोलीतली लाकडी पेटी, म्हणजे आत बसून घाम काढायचा इन्फ्रारेड सौना, पाहिली की येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "किती डिग्रीपर्यंत जातो?" मी "पन्नास, फार तर पंचावन्न" म्हटलं की चेहरा पडतो. सौना म्हणजे ऐंशी-नव्वद अंश, असं त्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं. माझी फसगत झाली आहे अशी त्यांची खात्री पटते आणि ते विषय बदलतात.

मी नोकरीची बहुतेक वर्षं भट्ट्यांचं तापमान मोजण्यात घालवली. थर्मोकपल (टोकाशी तापमान मोजणारी तार), पायरोमीटर (लांबून तापमान मोजणारं यंत्र), त्यांचं कॅलिब्रेशन, आणि रात्रपाळीला "भट्टी चढत नाहीये मॅडम" असे फोन. त्यामुळे कोणी "किती डिग्री" म्हणालं की माझ्या तोंडी उलटा प्रश्न येतो: कशाची? हवेची, भिंतीची, की आत ठेवलेल्या वस्तूची? भट्टीत ही तीन तापमानं तीन असतात. इन्फ्रारेड सौनात ती मुद्दाम तीन ठेवलेली असतात, आणि सगळी गंमत त्यातच आहे. पेटी कुठली घ्यावी, कुठे ठेवावी, थर्मोस्टॅट (ठरवलेलं तापमान राखणारं नियंत्रण) कितीवर लावावा, ह्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिथूनच निघतात.

शाळेत उष्णता जाण्याचे तीन मार्ग शिकवतात: वहन, अभिसरण आणि प्रारण. फिनिश, म्हणजे फिनलंडच्या, पद्धतीच्या सौनात शेगडीवर दगड तापतात, दगड हवा तापवतात आणि ती हवा अंगाला भिडते. दगडांवर पाणी टाकलं की वाफ उठते, ती आपल्या तुलनेने गार कातडीवर येऊन पाणी होते आणि जाताना स्वतःजवळची उष्णता देऊन जाते. म्हणून ती एकदम चटका बसल्यासारखी लागते. आमच्या पेटीत दगड नाहीत, वाफ नाही. भिंतींना पातळ, चपट्या हीटरच्या पट्ट्या आहेत. त्या ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापतात आणि त्यांच्यातून निघालेले अवरक्त, म्हणजेच इन्फ्रारेड, किरण मधल्या हवेला जवळजवळ वगळून थेट अंगावर पडतात. हवाही तापते, पण मागाहून, पट्ट्यांना घासून गेल्यामुळे. शेकोटीपुढे उभं राहिलं की छाती भाजते आणि पाठ गारठते, तेव्हा दोन्हीकडची हवा सारखीच असते; तोच हा प्रकार, फक्त शेकोट्या चारही बाजूंना लावलेल्या.

हे किरण सापडले १८०० साली. विल्यम हर्शेल, ज्यांनी आधी युरेनस शोधला, ते सूर्यप्रकाश लोलकातून पाडून प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवून पाहत होते. लाल पट्ट्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे ठेवलेला थर्मामीटर सगळ्यात जास्त चढला. तापमान मोजणाऱ्या माणसाला हा शोध फार आवडतो, कारण तो दुर्बिणीने लागला नाही, पाऱ्याने लागला.

आता थोडं गणित. ज्यांना नको आहे त्यांनी पुढच्या परिच्छेदावर उडी मारावी, मी रागावणार नाही.

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार किरण सोडत असते आणि ते प्रमाण केल्विन तापमानाच्या (सेल्सिअस अंशांत २७३ मिळवले की येतं ते) चौथ्या घाताने वाढतं. त्वचा साधारण ३४ अंशांवर असते. ती चौरस मीटरमागे ५०० वॅटच्या आसपास बाहेर टाकते. २५ अंशांची खोलीची भिंत तिला साडेचारशेच्या आसपास परत देते. म्हणजे नुसत्या खोलीत उघड्या अंगाने बसलं तर चौरस मीटरमागे पन्नासेक वॅट आपण भिंतींना देत असतो. ९० अंशांची पट्टी मात्र ९८० वॅटच्या घरात टाकते. आता हिशोब उलटला: जो भाग पट्टीसमोर आहे, तो चौरस मीटरमागे पावणेपाचशे वॅटपर्यंत कमावतो. हे वरच्या मर्यादेचे आकडे आहेत, कारण सगळी कातडी सगळ्या पट्ट्यांना तोंड करून बसलेली नसते. तरीही, शांत बसलेलं शरीर स्वतः जेमतेम शंभर वॅट उष्णता तयार करतं हे लक्षात घेतलं, तर पन्नास अंशांच्या हवेत घामाच्या धारा का लागतात ते कळतं.

तरंगलांबीचं गणित तर आणखी सोपं. २८९८ ला केल्विनमधल्या तापमानाने भागा, सर्वाधिक तीव्रता किती मायक्रोमीटरवर आहे ते मिळतं. ९० अंश म्हणजे ३६३ केल्विन, उत्तर आठ. त्वचेसाठी तेच उत्तर साडेनऊच्या जवळ येतं. आणि इथेच विक्रेत्यांची कविता सुरू होते. "आमचे किरण शरीराच्या नैसर्गिक कंपनाशी जुळतात", "पेशीपेशीत अनुनाद होतो", वगैरे. मी ज्या दोन-तीन ठिकाणी पेटी बघायला गेले त्या सगळीकडे हे ऐकलं. अहो, ह्या तापमानाला तापलेली कुठलीही मळकट भिंत हेच किरण सोडते. आणि ही काही एक बारीक रेघ नसते, तीन-चार मायक्रोमीटरपासून वीस-तीसपर्यंत पसरलेला डोंगर असतो. त्वचेत पाणी भरपूर आणि तीन मायक्रोमीटरच्या पुढचे जवळजवळ सगळे किरण पाणी गिळतं. जुळायची काही गरजच नाही.

दुसरी कविता किरण किती खोल जातात ह्याची. "किरण शरीरात चार सेंटिमीटर आत शिरतात." दूर अवरक्त किरण, म्हणजे आपल्या पट्ट्यांचे लांब तरंगांचे, त्वचेच्या वरच्या एक दशांश मिलिमीटरच्या आतच संपतात, तेही ह्याच पाण्यामुळे. तांबूस उजेडाचे जवळ-अवरक्त (आखूड तरंगांचे) दिवे असतात, त्यांचे किरण काही मिलिमीटर जातात. चार सेंटिमीटर म्हणजे पोटाच्या भिंतीतून आतड्यात. तसं असतं तर ह्या पेट्या दवाखान्याच्या चिठ्ठीशिवाय विकता आल्या नसत्या.

मग आतलं शरीर तापतं कसं? रक्ताने. कातडी तापते, तिच्याखालच्या केशवाहिन्या रुंदावतात, रक्त तिथून उष्णता उचलतं आणि आत नेतं. एरवी त्वचेतून मिनिटाला अर्ध्या लिटरपेक्षाही कमी रक्त वाहतं. कडक उष्णतेत हा प्रवाह सात-आठ लिटरपर्यंत जाऊ शकतो. आपल्या पेटीत तो एवढा चढत नाही, पण दिशा तीच. हृदयाला तेवढं जास्त रक्त फिरवावं लागतं, म्हणून नाडी बसल्या जागी भरभर चालल्यासारखी होते. आतलं तापमान वाढायला लागलं की मेंदूतला हायपोथॅलॅमस घाम सोडतो. हे सगळं व्हायला वेळ लागतो, आणि म्हणून पहिल्यांदा बसणारा माणूस दहा मिनिटांत "काही होत नाही हो" म्हणतो आणि विसाव्या मिनिटाला दार ढकलतो.

विजेच्या उजेडाने घाम काढायची कल्पना नवी नाही. अमेरिकेत बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वी केलॉग ह्यांनी १८९० च्या दशकात साध्या तारेच्या बल्बांनी भरलेली पेटी वापरली होती, रुग्ण आत आणि मुंडकं बाहेर. तारेचा बल्ब बहुतांश वीज उष्णतेतच घालवतो, तेव्हा ती इन्फ्रारेड सौनाच होती म्हणायला हरकत नाही. फिनलंडमधले जाणकार मात्र आजही आमच्या पेटीला सौना म्हणायला तयार नसतात. दगड नाहीत, वाफ नाही, मग कसला सौना! मला त्यांचं पटतं, पण दुसरा सुटसुटीत शब्द नाही.

ह्या नावाच्या गोंधळाचा फायदा मात्र जाहिरातवाले घेतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेला फिनलंडमधला एक अभ्यास सगळीकडे चिकटवलेला दिसतो: पूर्व फिनलंडमधल्या २३१५ मध्यमवयीन पुरुषांवर सरासरी वीस वर्षं नजर ठेवली, आणि आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक दगावण्याचं प्रमाण आठवड्यातून एकदाच घेणाऱ्यांपेक्षा बरंच कमी दिसलं. अभ्यास खरा आहे. पण तो सौना ऐंशी अंशांच्या आसपासचा, दगडांचा. शिवाय तो निरीक्षणाचा अभ्यास. ज्यांची तब्येत बरी तेच वरचेवर सौनात जात असतील, ही शक्यता त्यातून पूर्ण काढता येत नाही. इन्फ्रारेडचा जो अभ्यास खरोखर जवळचा आहे तो जपानमधला. कागोशिमा विद्यापीठातले हृदयरोगतज्ज्ञ चुवा तेई ह्यांनी हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांसाठी "वाओन" नावाची पद्धत बसवली: ६० अंशांच्या इन्फ्रारेड खोलीत १५ मिनिटं, मग बाहेर येऊन ब्लँकेटमध्ये गुंडाळून ३० मिनिटं पडून राहणं. रुग्णालयात, देखरेखीखाली. मला त्यातला पडून राहण्याचा भाग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. आम्ही घरी तोच उचलला आहे.

"विषारी द्रव्यं घामातून निघून जातात" ह्याबद्दल एवढंच सांगते, की घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणी आणि मीठ. सफाईचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. वजनकाट्यावर अर्धा किलो कमी दिसेल तो पाण्याचा, दोन पेले प्यायलात की परत. मग घेतला कशाला? माझ्या पाठीचे स्नायू संध्याकाळी लाकडासारखे होतात, ऊब मिळाली की सैल पडतात, आणि रात्री झोप बरी लागते. ह्यापेक्षा मोठा दावा माझ्याकडे नाही.

आता खरेदी. पट्ट्या दोन जातींच्या मिळतात. सिरॅमिकच्या कांड्या किंवा कटोऱ्या लहान असतात आणि जास्त तापतात, दोनशे अंशांच्या पुढेही. कार्बनच्या पट्ट्या मोठ्या, रुंद आणि मंद. वॅट तेवढेच असले तरी अंगावर पडणारी ऊब वेगळी लागते. सिरॅमिकसमोर एका जागी चुरचुरतं, दोन वितींवर काहीच नसतं. मी कार्बनच्या घेतल्या, आणि घेताना वॅटपेक्षा एक गोष्ट बघितली: बाकावर बसल्यावर शरीराचा कुठला भाग कुठल्याच पट्टीला "दिसत" नाही? दुकानातल्या बंद पेटीत बसून मी मान वळवून वळवून हे बघत होते आणि विक्रेता मुलगा माझ्याकडे काळजीने बघत होता. बहुतेक पेट्यांत पाठीला भरपूर, पोटऱ्यांना बाकाखालची एक पट्टी, आणि समोरून, म्हणजे काचेच्या दाराच्या बाजूने, शून्य. काच उजेड आत सोडते पण हे लांब तरंगांचे किरण सोडत नाही. ती ते शोषते, तापते आणि बरीचशी उष्णता बाहेरच्या खोलीला देते. अख्खी काचेची पुढची भिंत दिसायला देखणी, तापायला दरिद्री. आमच्या पेटीत दार काचेचं आणि दाराच्या दोन्ही बाजूंना लाकडी भिंतीवर उभ्या अरुंद पट्ट्या आहेत. त्यामुळे छातीलाही थोडं मिळतं.

लाकूड हेमलॉक नावाच्या सूचिपर्णी झाडाचं. रेड सीडरचा वास काही जणांना फार आवडतो, पण त्या लाकडातल्या एका द्रव्यामुळे सुतारकाम करणाऱ्यांत दम्याचा त्रास होतो हे माहीत असल्यामुळे, आणि घरात एक शिंकणारा असल्यामुळे, मी ते टाळलं. आतल्या बाजूला प्लायवूड नको, कारण तापल्यावर त्याच्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड हा झोंबणारा, अपायकारक वायू सुटतो. वॉर्निश अजिबात नको, त्याच कारणाने. चुंबकीय क्षेत्राची भीतीही पुष्कळ घातली जाते. चांगल्या पट्टीत जाणारी आणि येणारी तार शेजारी शेजारी असते, त्यांची क्षेत्रं एकमेकांना खोडतात, आणि उरलेलं अंतरासोबत झपाट्याने कमी होतं. सर्वसामान्य लोकांसाठी ५० हर्ट्झला आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक पातळी २०० मायक्रोटेस्ला आहे, म्हणजे २००० मिलिगॉस. पेटीत गाउसमीटरवर (चुंबकीय क्षेत्र मोजणारं यंत्र) येतात ते आकडे त्याच्यापुढे किरकोळ असतात. त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत असं माझं मत. त्याऐवजी कागदपत्रांत आयईसी ६०३३५-२-५३ हा आकडा शोधा. सौनाचे हीटर आणि इन्फ्रारेड केबिन ह्यांच्यासाठीचं विद्युत सुरक्षेचं मानक ते. तो आकडा सांगता न येणाऱ्या विक्रेत्याकडून मी तरी पेटी घेणार नाही.

जागेचं सांगायचं तर तीन गोष्टी. एक, जमीन सपाट आणि कोरडी हवी. पाणसळ लावून बघा. कोपरा पाच मिलिमीटर खाली असला की दार आपोआप उघडतं किंवा घासतं. दोन, उंची. पेटी १९० सेंटिमीटर असेल तर छताची फळी वरून ठेवायला आणि तिच्यावरच्या तारा जोडायला हात जायला हवा. खोलीचं छत किमान दोन वितींनी तरी वर असावं. तीन, भोवती थोडी मोकळी जागा, विशेषतः प्लग असेल त्या बाजूला. न्हाणीघर ओलसर असतं, तिथे नको. आमची मागची खोली एरवी अडगळीचीच होती; सौनाच्या निमित्ताने ती रिकामी झाली हा जास्तीचा फायदा.

आणि वायरिंग. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण लोक पेटीवर खर्च करतात आणि ती नेऊन जुन्या एक्स्टेंशन बोर्डाला जोडतात.

आमची पेटी १८०० वॅटची. २३० व्होल्टला ती ७.८ अँपिअर घेते. ऐकायला थोडं वाटतं, पण ती हे सलग पाऊण-एक तास घेते. मिक्सर पाच मिनिटं चालतो, त्याच्या सवयीने हिला जोडू नये. तिच्यासाठी वितरण पेटीपासून वेगळी लाइन ओढली: २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह फार वाढला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की ती तोडणारा स्विच) आणि आर्थिंग. आत घामाने ओलं झालेलं उघडं अंग विजेच्या उपकरणापासून वितीवर असतं, तेव्हा आरसीसीबी आणि आर्थिंग ह्यांवर तडजोड नाही. वायरमन म्हणाला, "ताई, फ्रिजच्याच प्लगवर चालेल की, कशाला तोडफोड?" मी म्हटलं, "चालेल हो, पण प्लगची पिन किती तापते ते मी मोजणार, आणि मग तुम्हालाच परत बोलावणार." त्याने मुकाट्याने भिंत फोडली.

जिथे १२० व्होल्टची वीज असते तिथे हीच पेटी १५ अँपिअर घेईल, म्हणून तिकडच्या पेट्यांना वेगळी जोडणी लागते. १२० साठी बनवलेली पेटी २३० ला जोडली तर हीटर जवळजवळ पावणेचारपट वीज ओढेल आणि गोष्ट तिथेच संपेल. ऑनलाइन मागवताना हे आधी बघा. उलट बाजूने, व्होल्टेज पडलं तरी फरक जाणवतो. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गावर चालते. २३० च्या जागी २१० आले तर १८०० वॅटचे १५०० च राहतात. संध्याकाळी "आज पेटी तापत नाहीये" असं वाटलं तर आधी व्होल्टमीटर बघावा.

जोडणीत सांगण्यासारखं फार नाही. तळ, मग मागची भिंत, मग बाजू, बाक, पुढची भिंत, शेवटी छत. भिंती एकमेकींना खाच-जीभ आणि खटक्यांनी अडकतात. दोन माणसं पुरतात, काच उचलताना तीन. मुलगी आणि जावई आले होते, त्यांनी ते उत्साहाने केलं आणि मी प्रत्येक कनेक्टर पूर्ण बसला आहे की नाही ते ओढून बघितलं. अर्धवट बसलेला कनेक्टर हा हीटरच्या दुनियेतला सगळ्यात नेहमीचा गुन्हेगार: संपर्क कमी, रोध जास्त, तो आधी पिवळा पडतो, मग काळा. दार बाहेरच उघडलं पाहिजे आणि त्याला आतून-बाहेरून कुठलीही कडी नको. चक्कर आलेला माणूस दारावर कलंडला तर ते नुसत्या वजनाने उघडायला हवं. पहिल्या दोन-तीन वेळा पेटी रिकामीच पूर्ण तापवली, खिडक्या उघड्या ठेवून. लाकडाचा आणि गोंदाचा नवेपणाचा वास त्यात बराचसा जातो.

त्यानंतर माझा खरा आनंद सुरू झाला. चार थर्मोकपल लावले: एक छताजवळ, एक बाकाच्या उंचीवर, एक पायाशी, एक पट्टीवर चिकटवून. वीस मिनिटांनी पट्टी ८६ दाखवत होती, छताजवळची हवा ५२, बाकापाशी ४५, पायाशी ३४. एका पेटीत चार "डिग्री". हातात धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटरही फिरवला. तो साधारण ८ ते १४ मायक्रोमीटरमध्ये बघतो, म्हणजे आपल्या पट्ट्या जिथे जोरात आहेत तिथेच. लाकडावर आणि पट्टीवर त्याचा भरवसा ठेवा. चकचकीत स्टीलच्या बिजागरीवर नको, कारण ती स्वतःचं तापमान फार कमी सांगते आणि शेजाऱ्याचंच प्रतिबिंब दाखवते.

ह्या मोजमापातून सगळ्यात उपयोगी बाब निघाली ती थर्मोस्टॅटची. पेटीतला सेन्सर छताजवळच्या हवेत असतो. तुम्ही ४५ लावलंत आणि छताची हवा ४५ ला पोचली की कंट्रोलर पट्ट्या बंद करतो. पट्ट्या गार व्हायला लागतात, किरण कमी होतात, आणि तुम्ही नुसत्या कोमट हवेत बसून राहता. म्हणजे ज्यासाठी पेटी घेतली तेच बंद. त्यामुळे चालू-बंद प्रकारच्या कंट्रोलरवर तापमान असं लावायचं की हवा तिथे सहसा पोचणारच नाही. मी ६० लावते. मग पट्ट्या अखंड चालू राहतात, आणि जास्त झालं की दार थोडं किलकिलं करायचं. वेळेचं नियंत्रण टायमरकडे. तसंच, पूर्ण तापायची वाट बघत बाहेर उभं राहायची गरज नाही. पट्ट्या दहा मिनिटांत तापतात, हवा मागून येते. मी दहाव्या मिनिटाला आत जाते. आणि टॉवेल बाकावर अंथरायचा, अंगाभोवती गुंडाळायचा नाही. गुंडाळलात तर किरण टॉवेललाच तापवतात.

आमच्याकडे ह्यांनी आधी डॉक्टरांना विचारलं, कारण रक्तदाबाची जी गोळी ते घेतात तिने लघवीवाटे पाणी जातं. त्यात घाम आणि वरून उठताना रक्तदाब पडणं, अशी तिहेरी भर नको होती. परवानगी मिळाली ती पंधरा मिनिटांची, आणि उठण्याआधी दार उघडून दोन मिनिटं बसून राहण्याच्या अटीवर. आमच्या वन्संना मधुमेहामुळे तळपायांना जाणीव कमी आहे. त्यांना मी पायाखालची पट्टी बंद करूनच बसू देते, कारण चटका बसला तरी त्यांना कळणार नाही. गरोदर बायकांनी, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी आणि दारू प्यायलेल्यांनी आत जाऊ नये. आणखी एक, जे सहसा कोणी सांगत नाही: वेदनाशामक फेन्टॅनिलची किंवा तशी दुसरी औषधाची पट्टी कातडीला लावलेली असेल तर उष्णतेने त्यातलं औषध अंगात भराभर जातं, ते धोक्याचं आहे. रोज एकाच जागी हीटरच्या पट्टीला अगदी टेकून बसलं तर कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडू शकतात. शेगडीला टेकून बसणाऱ्यांना पडतात तेच. वितीभर अंतर ठेवा. चमकणारे जवळ-अवरक्त दिवे असतील तर डोळे मिटून बसा. काच फुंकणाऱ्या कारागिरांना वर्षानुवर्षं भट्टीत बघून मोतीबिंदू होत असे, तो ह्याच प्रकारच्या किरणांनी.

एका बैठकीला, तापण्याची दहा मिनिटं धरून, चाळीस मिनिटं लागतात. १८०० वॅटने १.२ युनिट. बिलाच्या भीतीने कोणी अडून राहिलं असेल तर एवढा आकडा पुरेसा आहे.

देखभाल अशी: झाल्यावर दार उघडं ठेवायचं, बाक ओल्या फडक्याने पुसायचा, पट्ट्यांवर पाणी कधीच नाही. फिनिश चित्रफिती पाहून आलेल्या एका पाहुण्याने आत तांब्या नेला होता, तो मी दारातच काढून घेतला. वर्षाकाठी बाकावर बारीक पॉलिश पेपर फिरवला की घामाचे डाग जातात.

छतावरच्या कनेक्टरांशेजारी मी प्रत्येक पट्टीचा रोध स्केचपेनने लिहून ठेवला आहे. पेटी थंड असताना आणि प्लग काढूनच मोजायचा. २३० व्होल्टला ३०० वॅटची पट्टी असेल तर मल्टिमीटरवर १७६ ओहमच्या आसपास यायला हवा. एखादी बाजू कमी तापते असं वाटलं की आधी तो आकडा बघा. जुळला तर पट्टी ठीक आहे, कनेक्टर किंवा रिले (विजेनेच चालू-बंद होणारा स्विच) तपासा. मीटर काहीच दाखवत नसेल तर आत तार तुटली आहे. तीच एक पट्टी लांबी, रुंदी आणि वॅट सांगून मागवता येते, अख्खी भिंत बदलायला कोणी सांगितलं तर ऐकू नका.